दत्तक गेलेल्या माणसाचा शोध: दार कुणाला उघडतं, कुणाला नाही

दर थोड्या महिन्यांनी तशी बातमी येते. युरोपात वाढलेली, मराठीचा शब्दही न येणारी चाळिशीची बाई महाराष्ट्रातल्या एखाद्या शिशुगृहाच्या दारात उभी राहते. सोबत दुभाषी असतो, हातात लहानपणीच्या पासपोर्टवरचा फोटो असतो. अशा बातम्या आता वाढतील असं दिसतं. डिसेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सरकारने एक अहवाल मांडला. भारतासह दहा देशांमधून तिथे दत्तक गेलेल्या मुलांच्या प्रकरणांत गैरप्रकार झाल्याच्या खुणा त्यात नोंदल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तर परदेशातून मूल दत्तक घेणं बंदच करायचं, असा इरादा त्या सरकारने जाहीर केला. नेदरलँड्सने २०२४ मध्येच ती वाट टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं होतं. तिथे मोठी झालेली ही माणसं आता आपापले कागद काढून बसली आहेत.

बातमी वाचून आपण हळहळतो आणि पुढे ढकलतो. पण तोच प्रश्न ठाण्यात, कळव्यात, नेरुळमध्येही दबक्या आवाजात विचारला जातोच. "माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता म्हणे, तो देऊन टाकला. तो सापडेल का?" "बाबा गेल्यावर कपाटात कोर्टाचा कागद मिळाला, मी दत्तक आहे. आता कुणाला विचारू?" वरवर दोन्ही प्रश्न सारखे वाटतात. कायद्याच्या नजरेत मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला हक्क आहे, पहिला विचारणाऱ्याला नाही. हे न कळल्यामुळे लोक वर्षानुवर्षं भलत्याच खिडकीसमोर रांग लावून उभे राहतात.

आधी हे शोधा: मूल घरातून गेलं कसं?

दत्तक हा शब्द एकच असला तरी मूल घरातून जायच्या वाटा निरनिराळ्या आहेत, आणि प्रत्येक वाटेवर मागे राहणारा कागद निराळा आहे.

पहिली वाट घरातल्या घरातली. थोरल्याला मूलबाळ नाही म्हणून धाकट्याने आपला मुलगा दिला. हे १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली होतं. दत्तकपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची पद्धत आहे. इथे शोध असा फारसा नसतोच. घरात सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी वाट समर्पणाची. आई किंवा आईवडील मूल सांभाळू शकत नाहीत, म्हणून रीतसर सही करून ते सोपवतात. आज ही सही बाल कल्याण समितीपुढे होते. मुलांच्या बाबतीत निर्णय घेणारी ही प्रत्येक जिल्ह्यातली वैधानिक समिती. सहीनंतर मन बदलायला ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत कुणी परत आलं नाही तरच मूल दत्तकासाठी मोकळं होतं. या वाटेने गेलेल्या मुलाच्या फाइलमध्ये आईचं नाव-गाव बहुतेक वेळा असतं.

तिसरी वाट सापडलेल्या मुलाची. स्टेशनवर, देवळाच्या पायरीवर, इस्पितळाच्या व्हरांड्यात ठेवलेलं मूल. त्याच्या फाइलमध्ये आईचं नाव नसतं. पोलीस ठाण्याची नोंद असते, सापडल्याची जागा आणि वेळ असते, ज्याने मूल पाहिलं त्याचा जबाब असतो. अशा मुलाचे पालक शोधण्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात देण्याचीही पद्धत आहे. शोधायला बसलेल्याला ही फाइल पाहून सर्वांत मोठा धक्का बसतो, कारण "फाइल मिळाली की आई मिळेल" असं तो धरून चाललेला असतो.

चौथी वाट परदेशाची. पूर्वी परदेशी जोडप्यांना इथे दत्तक घेता येत नसे. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली ते कोर्टाकडून मुलाचं पालकत्व घेत आणि दत्तकविधी आपल्या देशात जाऊन करत. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला नियमांची चौकट घातली. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलेल्या मुलांचा माग कोर्टाच्या दप्तरातही असतो. मुंबईतल्या संस्थांतून गेलेल्या मुलांचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयात होत असत, ठाण्यातल्यांचे जिल्हा न्यायालयात.

आणि पाचवी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एखाद्या खासगी नर्सिंग होममधून मूल परस्पर दुसऱ्याच्या हातात गेलं आणि जन्मदाखल्यावर थेट नव्या आईबापांचीच नावं लागली. याला दत्तक म्हणताच येत नाही. इथे फाइलच जन्मली नाही, त्यामुळे कुठल्याही कार्यालयात अर्ज करून काही हाती लागत नाही. आई जिवंत असेल आणि "मूल गेलं" असं तिला खोटं सांगितलेलं असेल, तर तो पोलिसांचा विषय आहे. मूल पळवून नेण्याच्या गुन्ह्याला तक्रारीची कालमर्यादा आड येत नाही, हे अशा घरांना सहसा माहीत नसतं.

कायदा काय देतो आणि कुणाला?

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं 'कारा', ही दत्तकाची देशपातळीवरची सर्वोच्च यंत्रणा. २०१५च्या बाल न्याय कायद्याने तिला वैधानिक दर्जा दिला. तिच्या २०२२च्या दत्तक नियमावलीत आपल्या विषयाला एक स्वतंत्र कलम आहे. दत्तक गेलेल्या व्यक्तीने आपल्या जन्माच्या मुळाचा माग काढणं, याला तिथे 'मूळ शोध' म्हटलं आहे. इंग्रजीत 'रूट सर्च'. कचेरीत गेलात तर हा इंग्रजी शब्दच वापरा, पटकन समजतो.

हे कलम काय म्हणतं ते समजायला बँकेचा लॉकर डोळ्यांसमोर आणा. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. बँकेची एक, खातेदाराची एक. इथे पहिली किल्ली संस्थेकडे आणि सरकारी यंत्रणेकडे, दुसरी दत्तक गेलेल्या व्यक्तीकडे. तिने अर्ज केला की दत्तक देणारी संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, राज्याची दत्तक यंत्रणा आणि कारा यांच्यापैकी ज्याच्याकडे ती जाईल त्याने मदत करायचीच आहे. परदेशात असेल तर तिथली अधिकृत दत्तक संस्था किंवा भारतीय दूतावासही चालतो. वय अठराच्या आत असेल तर दत्तक पालकांची साथ लागते. अठरा पूर्ण झाल्यावर कुणाची परवानगी लागत नाही.

लॉकर उघडला तरी आत एक पाकीट सीलबंद असू शकतं. मूल सोपवताना आईने "माझी ओळख सांगू नका" असं स्पष्टपणे लिहून दिलेलं असेल, तर संस्थेने किंवा समितीने आधी तिला गाठून विचारायचं. ती हो म्हणाली तरच नाव-पत्ता द्यायचा. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर मूल का आणि कशा परिस्थितीत सोपवलं गेलं, एवढं तरी सांगायचं. म्हणजे पूर्ण रिकाम्या हाताने परत पाठवायची मुभा नियमांत नाही. आईच्या खासगीपणाच्या हक्काला धक्का लागता कामा नये, हेही त्याच कलमात लिहिलं आहे.

आणि मग एक छोटं वाक्य येतं: तिसऱ्या व्यक्तीला मूळ शोध करता येणार नाही. भाऊ, बहीण, मावशी, जन्मदाती आजी, सगळे या वाक्यात 'तिसरे'. नातं खरं असेल, पण लॉकरवर नाव तुमचं नाही.

कागदावर हे स्वच्छ दिसतं, प्रत्यक्षात तितकं सरळ चालत नाही. पुण्यात जन्मलेले आणि जर्मनीत वाढलेले अरुण डोहले यांना स्वतःचीच कागदपत्रं पाहण्यासाठी वर्षानुवर्षं भारतातल्या कोर्टांत लढावं लागलं, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा आजच्यासारखं कलम नव्हतं. आज ते आहे, तरी "फाइल सापडत नाही" हे उत्तर अजून मिळतं. ते तोंडी घेऊ नका. लेखी मागा. लेखी उत्तर द्यायचं म्हटलं की कपाटं पुन्हा एकदा उघडली जातात, असा माझा अंदाज आहे.

"आपली आई कोण, हे विचारायलाही परवानगी?"

हा राग स्वाभाविक आहे. मुलाला शक्य तितकं आपले आईवडील माहीत असावेत, असं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारही म्हणतो, आणि भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. मग आईच्या हो-नाहीवर का सोडायचं?

कारण फाइलमधली आई अनेकदा सोळा-सतरा वर्षांची मुलगी असते. कधी ती अत्याचाराची बळी असते, आणि अशा पीडितेची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. आज ती पन्नाशीची असेल, घरात सुना-नातवंडं असतील, आणि नवऱ्याला यातलं अक्षर ठाऊक नसेल. दारात अचानक उभं राहिलेलं सत्य तिला घराबाहेर काढू शकतं. गुप्ततेचं हे वचन सरकारने कालपरवा शोधून काढलेलं नाही. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, ते गुपचूप आणि सुखरूप बाळंत होता येईल या भरवशावर. तो भरवसा नसता तर बाई आडाला जवळ करायची. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी स्वतः दत्तक घेतला, आणि त्याचं मूळ लपवलं नाही. एकाच घरात दोन्ही गोष्टी नांदल्या, आईला आडोसा आणि मुलाला सत्य. नियमावली आज तेच साधायचा प्रयत्न करते, फक्त तिची यंत्रणा फुल्यांच्या घराइतकी जागी नसते.

माझं मत विचाराल तर पारडं आईकडे थोडं जास्त झुकलेलं आहे आणि ते तसंच राहावं. पण तिला विचारायला जाणारा माणूस प्रशिक्षित हवा. साध्या कपड्यातला, एकट्यात गाठणारा, घरी पत्र न टाकणारा. लाल शिक्क्याचा सरकारी लिफाफा घरी आला तर उत्तर द्यायची संधी आईला मिळतच नाही, घर आधीच उत्तर देतं.

एक गोष्ट अलीकडे सुधारली आहे. आजच्या समर्पणपत्रातच प्रश्न असतो: मूल मोठं होऊन शोधत आलं तर तुमची ओळख सांगावी का? हो किंवा नाही. आज सही करणाऱ्या बाईला हा प्रश्न समजावून सांगितला गेला, घाईत खूण करून घेतली नाही, तर वीस वर्षांनंतरचे निम्मे गुंते आत्ताच सुटतात.

मग बहिणीने काय करायचं?

समजा, कळव्यातल्या एका बाईला आईने आजारपणात सांगितलं की १९८८ साली तुझ्या आधीचा मुलगा ठाण्यातल्या एका संस्थेत दिला होता. तिला भाऊ हवा आहे. पैशाचा, वाट्याचा काही विषय नाही, एकदा पाहायचंय.

ती त्याचा पत्ता मागू शकत नाही. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला तरी वैयक्तिक माहिती म्हणून तो फेटाळला जाईल, आणि ते योग्यच आहे. कारण उलट बाजूने पाहा: त्या भावाला कदाचित आपण दत्तक असल्याचं माहीतच नसेल.

तिच्या हातात एकच गोष्ट आहे, मागे खूण ठेवणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी १९९१ पासून सरकारी नोंदवही आहे. दत्तक गेलेली व्यक्ती आणि जन्माचे नातेवाईक दोघंही आपापली नावं नोंदवतात, आणि जुळली तर कळवलं जातं. आपल्या नियमांत अशी नोंदवही नाही. मग साधी वाट: ज्या संस्थेतून मूल गेलं तिला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र द्यायचं, त्या मुलाच्या फाइलला जोडून ठेवण्याची विनंती करायची आणि पोच घ्यायची. आई जिवंत असेल तर पत्र तिच्या सहीने जावं, कारण गुप्ततेचं बंधन जिच्यासाठी आहे तीच ते सैल करू शकते. "माझा मुलगा कधी विचारायला आला तर माझी ओळख सांगायला माझी संमती आहे," एवढं वाक्य पुरे. त्याखाली आजचा पत्ता, फोन, आणि घरात काही आनुवंशिक आजार असेल तर तोही. पत्ता बदलला की पुन्हा पत्र.

यात वाट पाहणं आलं, आणि तो कधीच विचारायला आला नाही तर पत्र फाइलमध्येच राहील. पण उद्या तो आलाच, आणि फाइलमध्ये फक्त १९८८ची धूसर सही असली तर? कळव्याची ती चाळ कधीच पडलेली असेल, आई कुठे ते सांगणारं कुणी नसेल. आईच्या हयातीत दिलेल्या एका कागदाने तो सगळा फरक पडतो. म्हणून आईचं वय झालं असेल तर हे काम दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवू नका.

ठाणे, पालघर की रायगड?

आपल्या भागात गोंधळ होतो तो इथे, आणि हेलपाटे पडतात तेही इथेच.

'नवी मुंबई' हा जिल्हा नाही. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हे सगळं ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे मुख्यालय अलिबागला. बेलापूरच्या कोकण भवनात रांग लावून काही होत नाही. ते विभागाचं कार्यालय, आपलं काम जिल्ह्याचं. जिल्हा बाल संरक्षण कक्ष हा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतो. ठाण्यात कोर्ट नाक्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली की तो सध्या कुठे बसतो ते कळतं.

आता जुन्या तारखा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधी जव्हार, डहाणू, वसईत जन्मलेल्याच्या कागदावर 'जि. ठाणे' असणार. रायगडचं नाव १९८१ पूर्वी कुलाबा होतं. जुन्या कागदावर 'जि. कुलाबा' वाचून लोक दक्षिण मुंबईतल्या कुलाब्याला जातात, ती चूक टाळा. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ची, ठाण्याची १९८२ची. त्याआधी गावठाणात झालेल्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत सुरू झालेली असणार.

आणखी एक गोष्ट नकाशा सांगत नाही. जन्माची नोंद आई राहते तिथे होत नाही, बाळंतपण जिथे झालं तिथे होते. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला गावातच ठेवण्याची रीत नव्हती. घणसोलीची मुलगी पुण्याला 'मावशीकडे' जायची, साताऱ्याची ठाण्याला. त्यामुळे कुटुंब ठाण्याचं म्हणून फाइल ठाण्यातच असेल, हे गृहीत धरू नका. घरातल्या जुन्या बाईला विचारा, त्या वर्षी ती कुठे राहायला गेली होती. हा प्रश्न दहा अर्जांचं काम करतो.

कागद हाती आले तर ते वाचायचे कसे?

दत्तक झालेल्याच्या जन्मदाखल्यावर दत्तक पालकांचीच नावं असतात. तो खोटा नसतो, कायद्यानेच तसा केलेला असतो. त्यातून जन्मदात्यांचा माग लागत नाही. उपयोग होतो तो कोर्टाच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक आदेशाचा. सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश देण्याचा अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला, त्याआधी तो कोर्टाचा होता. आदेशात संस्थेचं नाव असतं, आणि धागा तिथून हाती लागतो. परदेशी गेलेल्यांच्या बाबतीत कोर्टाने नेमलेल्या छाननी संस्थेचा अहवाल कधीकधी संस्थेच्या फाइलपेक्षा जास्त बोलका निघतो.

फाइलमधलं मुलाचं नाव बहुधा संस्थेने ठेवलेलं असतं, त्यावरून जात-धर्म काढत बसू नका. सापडलेल्या मुलाची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने घातलेली असते. शाळेत घालताना मास्तरांनी '१ जून' लिहून टाकायचं, त्यातलाच प्रकार. आईने सांगितलेलं नावही खरं असेलच असं नाही. घाबरलेल्या मुली नाव बदलून सांगत, गाव मात्र अनेकदा खरं निघतं. म्हणून गाव, वय, सोबत आलेला माणूस कोण, त्याची सही की अंगठा, या बारक्या नोंदी नावापेक्षा आधी वाचा.

संस्था बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं, हे जिल्हा कक्षाला लेखी विचारा.

डीएनए चाचणीने सापडणार नाही का?

सापडू शकतं. पण जाहिरातीत वाटतं तितकं नाही, निदान आपल्याकडे नाही.

घरी बसून नळीत थुंकी भरून पाठवायची, कंपनी ती आपल्या साठ्यातल्या लोकांशी ताडून पाहते. तत्त्व सोपं आहे. आई-मुलात निम्मा डीएनए सारखा असतो, सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा, सावत्र भावंडांत साधारण पाव, पहिल्या चुलत-मावस भावंडांत साडेबारा टक्के. पण पाव निघाला तर समोरचा सावत्र भाऊ आहे, काका आहे की आजोबा, हे आकडा सांगत नाही. वय आणि गाव विचारूनच ते ठरतं.

दोन अडचणी खास आपल्या. पहिली, तुमचा भाऊ त्या साठ्यात असेल तरच तो सापडणार, आणि या मोठ्या कंपन्यांचे ग्राहक मुख्यतः युरोपीय वंशाचे आहेत. ऐरोलीतल्या कुणाच्या मामाने अशी चाचणी कधी केलेली असेल? तरीही परदेशात दत्तक गेलेली भावंडं याच साठ्यांतून एकमेकांना सापडतात, कारण तिकडे दोघंही चाचणी करतात. तुमचं माणूस परदेशी गेलं असण्याची शक्यता असेल तर चाचणीला अर्थ आहे, नाहीतर ती लॉटरी.

दुसरी अडचण आपल्या लग्नांची. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरीक, त्यात मामाची मुलगी करण्याची चाल. त्यामुळे लांबचे नातेवाईकही एकमेकांशी अपेक्षेपेक्षा जास्त डीएनए वाटून घेतात. कंपनी 'दुसरे चुलत भावंड' म्हणते आणि प्रत्यक्षात तो पाचव्या पिढीतला भाऊबंद निघतो. लहान आकड्यांवर विश्वास ठेवून कुणाच्या दारात जाऊ नका.

शिवाय ही माहिती एकदा दिली की परत घेता येत नाही. २३अँडमी या नावाजलेल्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमची थुंकी ही तुमच्या मुलांचीही माहिती असते.

"डॉक्टर कुटुंबातला आजार विचारतात, म्हणून शोधायचंय" असं काही जण सांगतात. त्यांच्यासाठी सोपी गोष्ट: थॅलेसेमिया किंवा सिकलसेलची जनुकं आपल्यात आहेत का, हे आपल्याच रक्ताच्या चाचणीने कळतं, त्यासाठी आई सापडायची गरज नाही.

फेसबुकवर फोटो टाकला तर?

प्रौढ माणसाने स्वतःचा फोटो, संस्थेचं नाव, साल टाकून "मी शोधतोय" म्हणणं हा त्याचा प्रश्न. पण आईचं नाव, गाव, जात टाकून पोस्ट फिरवणं म्हणजे तिच्या दारात गर्दी पाठवणं. कुटुंबाने दत्तक गेलेल्या मुलाचा फोटो टाकणं त्याहून वाईट. मूल अजून अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "अमुक रकमेत आई शोधून देतो" म्हणणारे एजंटही याच पोस्टखाली येतात. त्यांच्याकडे कायदेशीर किल्ली कुठलीच नसते.

"वाटा मागायला आलाय का?"

भेट ठरली की घरातला कुणीतरी हे विचारतोच, म्हणून नियम माहीत असलेला बरा. दत्तक झालेल्या दिवसापासून मूल कायद्याने नव्या घरचं होतं आणि जन्मघराशी असलेलं कायदेशीर नातं तुटतं. दत्तकापूर्वीच त्याच्या नावावर आलेली मालमत्ता असेल तर ती त्याचीच राहते. वडिलोपार्जित जमिनीत जन्माने मिळणाऱ्या हिश्श्याचं काय, हा मात्र वकिलांचा प्रांत. सातबारा घेऊन त्यांच्याकडेच जा. एरवी आज भेटायला आलेला भाऊ आईच्या स्वकमाईच्या फ्लॅटवर वारस म्हणून दावा करू शकत नाही. आईला द्यावंसं वाटलं तर ती मृत्युपत्राने देऊ शकते, आणि सोसायटीचं नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे.

एक नातं मात्र दत्तकाने तुटत नाही. जन्मघरात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं, त्यांच्याशी ते दत्तक गेल्यावरही निषिद्धच राहतं. १९५६च्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. एकाच जातीत, दोन-तीन जिल्ह्यांच्या आत स्थळं बघणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात मुलाला दत्तक असल्याचं कधीच न सांगण्याचा धोका म्हणूनच नुसता मनाचा नाही. स्थळं यायला लागण्याच्या बऱ्याच आधी, संस्थेच्या नावासकट आणि कागद हातात देऊन त्याला सांगायला हवं.